किल्ल्यासाठी उकरलेला मुरूम

मुरमाचा ढीग खाली आला आणि माझी धाकटी बहीण दिसेनाशी झाली. वर राहिली फक्त एक वेणी, लाल रिबिनीसकट.

भोपाळ राजधानी झाली म्हणून वडिलांची बदली नागपूरहून इकडे झाली होती. सगळीकडे सरकारी क्वार्टरांचं बांधकाम चाललेलं. दिवाळीच्या किल्ल्याला माती हवी होती. ढिगाचा वरचा थर उन्हाने कडक झालेला, म्हणून आम्ही दोघी खालचा भुसभुशीत मुरूम उकरत बसलो. शुद्ध मूर्खपणा. खालचा आधार गेला आणि वरचा थर अख्खा घसरला. डोंगरावरचा बर्फही पुष्कळदा असाच कोसळतो. वर घट्ट थर, खाली भुसभुशीत, मग एखाद्याचं पाऊल पुरतं. नातवंडांना मी एवढंच सांगते.

माझी बोंब ऐकून विटा वाहणारी बाई धावत आली. मी फावडं उचललं तशी ओरडली, "पागल है क्या? हाथ से हटा!" आम्ही हातांनी आधी तोंड मोकळं केलं. बहीण मुरूम थुंकली आणि म्हणाली, "ताई, आता किल्ला तूच कर."

किल्ला झालाच नाही. बहीण वाचली. ती आता इथेच, भोपाळच्या बाग सेवनिया भागात राहते.