बाकावर उरलेले दोघे

महिना झाला बाबांना जाऊन. जाण्याच्या आदल्या दुपारी पाद्रीसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन आमच्या हिंगणघाटच्या घरी आले होते. मी बाबांना बसवून पाठीशी उशी लावली. पाद्रीसाहेबांनी भाकर पुढे केली, पण बाबांनी हात लावला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "रूथ, मी घेऊ काय वं?" मरणाच्या दारातला माणूस आपल्या एकोणतीस वर्षांच्या मुलीची परवानगी मागत होता... पाद्रीसाहेब गोंधळले. आई तोंडाला पदर लावून आत गेली.

बाबा जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाच्या हंगामात भुवयांवरसुद्धा पांढरे तंतू घेऊन घरी येत आणि हातपाय धुतले की आधी बायबल, मग जेवण. "घरातल्या एकेका जिवाचा जाब देव मले इचारन," हे त्यांचं पालुपद. त्या जबाबदारीचा त्यांना धाक होता, थोडा तोराही होता. कुणी पेंगलं तर अध्याय पुन्हा पहिल्यापासून! आमच्यात मुलं जाणती झाली की मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करतात, बिशपसाहेब त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि त्यानंतरच त्यांना प्रभुभोजनाची भाकर मिळते. चौऱ्याहत्तर साली मी सतराची होते. बाबांनी मला न विचारताच यादीत माझं नाव घातलं. पोरीला काय विचारायचं! पण वेदीपुढे बिशपसाहेबांनी मला विश्वासाबद्दल विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून ठाऊक नाही." सगळं चर्च माझ्याकडे बघू लागलं. आता घरी आपली धडगत नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात बाबा उठले. "साहेब, गलती माही हाय. मी पोरीले इचारलंच नाई."

पुढच्या प्रभुभोजनाला सगळे उठले, बाबा उठलेच नाहीत. आईने कोपराने ढोसलं तर म्हणाले, "पोरगी उपाशी बसली हाय. मी एकटा कसा जेवू?" आई कित्येक महिने धुमसत होती. पाद्रीसाहेबांनीही समजावून पाहिलं. मी सेवाग्रामला नर्सिंग शिकायला गेले, तरी माझ्यामागेही ते बसूनच राहत. मला मात्र त्यांनी त्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. सुट्टीत मी आले की सगळे वेदीकडे जात, बाक रिकामं होई आणि आम्ही दोघंच उरत असू. मग बाबा हळूच विचारत, "मेसमदी पोटभर भेटते ना तुले?" पाच भावंडांच्या घरात बाप एकटीच्या वाट्याला कधी येतो?

"घ्या बाबा," त्या दुपारी मी म्हटलं. बारा वर्षांनी त्यांनी भाकर तोंडात घातली, हळूहळू चावली, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझी मान काही वर होईना. कारण माझी शंका केव्हाच फिटली होती, दोन-तीन वर्षांतच. हे सांगितलं असतं तर ती बाकावरची दहा मिनिटं गेली असती, म्हणून मी आज-उद्या करत राहिले... आणि माझ्या त्या लोभापायी बाबा उपाशी राहिले. तेव्हाही सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले.

परवा पाद्रीसाहेबांना भेटून मी यादीत नाव घालायला सांगितलं. "बाबांना किती आनंद झाला असता," ते म्हणाले. बिशपसाहेब यायला अजून अवकाश आहे, तोवर मला बसूनच राहायचंय. या रविवारी सगळे भाकरीसाठी पुढे गेले, बाक रिकामं झालं, आणि मी सवयीने थोडी सरकले... बाबांना ऐसपैस बसता यावं म्हणून.