नडगीवरची सलामी

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. हॉकीच्या काठीचा आवाज पुरतो.

जुनी राज्ये जोडून नवे राज्य नुकतेच झाले होते. आमच्या पोलीस खात्यातही तीन ठिकाणचे अधिकारी एकत्र आले होते आणि प्रत्येकजण आपली ज्येष्ठता जपत होता. बऱ्हाणपुरातल्या एका गिरणीने तर एकात्मतेची हॉकी टीमच उभारली होती. नागपूर, इंदूर, भोपाळकडचे खेळाडू पगारावर ठेवले होते. समारंभात बंधुभावावर भाषणे होत. ती संपेपर्यंत बंदोबस्तावरचे शिपाई झाडाखाली झोपत.

एके सकाळी खकनारकडचा एक केळीवाला शेतकरी ठाण्यात आला. त्याचा मुलगा टीममध्ये नवाच लागला होता. आता नडगीचे हाड मोडून दवाखान्यात पडला होता.

"साहेब, पोऱ्या म्हनते, जिन्यावरून पडलो. पन तापात बरळते, 'कप्तानसाब, बस करो.' आता जिन्याले कोनी कप्तानसाब म्हनतं का?"

डॉक्टरांना विचारले. दोन्ही नडग्यांवर समोरून आडवे वळ होते. पाठ, कोपर, गुडघे मात्र स्वच्छ. मी बापाची फिर्याद नोंदवून घेतली आणि टीमला ठाण्यात बोलावले. सगळ्यांनी एकच जिना सांगितला, तोही एकाच वाक्यात. पढवलेली साक्ष अशीच असते. खरे बोलणारी माणसे एकमेकांना खोडतात.

शेवटी मी म्हणालो, "पँटी वर करा."

प्रत्येकाच्या नडगीवर तसाच जुना व्रण होता. सर्वांत खोल कप्तानाच्या.

"साहेब, ये तो सलामी है," कप्तान हसून म्हणाला. "नव्याने डोक्यावर हात ठेवून उभं राहायचं. जुन्यांनी एकेक फटका मारायचा. पाय मागे घेतला, तर पुन्हा पहिल्यापासून. आम्हीपण खाल्लाय. याने दोनदा पाय घेतला, त्याला आम्ही काय करणार?"

तपासात इतक्या अभिमानाने दिलेली कबुली मी दुसरी पाहिली नाही. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि मारणाऱ्यांशिवाय तिथे कोणी नव्हते. सारे मुलाच्या जबाबावर होते.

मी त्याच्या खाटेशी बसलो. प्लास्टर मांडीपर्यंत चढले होते. खेळणे संपले, हे डॉक्टरांनी त्याला सांगितले होते.

"खरं सांग. बाप बाहेर उभा आहे."

"साहेब, पाय तर गेला. आता टीमपण जाऊ देऊ का?"

कोर्टात तो 'पडलो' म्हणाला. बाप त्याच्याकडे न पाहता पायऱ्या उतरला. गिरणीने मुलाला काठ्या-चेंडू सांभाळायच्या कामावर ठेवले आणि त्या औदार्याचाही समारंभ केला.

पुढच्या हंगामात बऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या मैदानावर माझा बंदोबस्त होता. पाहुणे बंधुभावावर बोलत होते. तंबूमागे तो लंगडत काठ्या पुसत होता. शेजारी एक नवा खेळाडू, पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढून, अवघडून उभा होता.

"याची सलामी झाली?" मी विचारले.

"झाली ना साहेब." त्याला हसताना मी प्रथमच पाहत होतो. "पहला हात माझाच. कप्तानसाबनी मान दिला."

मी नव्याकडे पाहिले. "काय झालं पायाला?"

"जिन्यावरून पडलो, साहेब," तो म्हणाला.

गुन्हेगार पकडायला मला खात्याने शिकवले होते. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्यांच्या रांगेत जागा मागू लागला, तर त्याला कुठे धरून थांबवायचे, हे निवृत्त झालो तरी मला कळलेले नाही.