घरचं दूध

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. कोणी विचारलंही नाही. दोष कोणाचा ते गावात त्याच दिवशी ठरून गेलं होतं. आता माझी बायको नाही, जिच्यावर दोष आला ती बाईही नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

नांदुरा तालुक्यातल्या एका गावात मी शिक्षक होतो. निवृत्तीनंतर दोन म्हशी घेतल्या. त्यातल्या एकीला वारंवार दगडी व्हायची. सड सुजून कडक होई, दुधात गुठळ्या येत. पहिल्या वेळी जनावरांचे डॉक्टर आले. इंजेक्शनं पूर्ण करा, म्हणाले, आणि औषध संपल्यावरही काही दिवस दूध खाण्यात घेऊ नका. सूज उतरताच मी औषध बंद केलं. उरलेली बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली. पुढच्या वेळी डॉक्टरांना बोलावलं नाही, सुई मीच टोचली. त्याच्या पुढच्या वेळीही मीच. आधी सूज लगेच उतरायची, मग उशिरा उतरू लागली. मी डोस वाढवला.

शेजारच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. आमच्याकडे शेजारी कार्य असलं आणि आपल्या घरी दुभतं असलं, की दूध आपल्याकडून जातं. त्याचे पैसे कोणी घेत नाही. मी आधीच शब्द दिला होता, त्या भरवशावर त्यांनी बासुंदी ठरवली होती. त्याच आठवड्यात म्हशीला पुन्हा दगडी झाली. मी सुई टोचली. गुठळ्या बंद झाल्या, दूध पांढरंशुभ्र दिसू लागलं.

पण घरात दही लागेना. बायकोने शेजारून विरजण आणलं, तरी सकाळी पातेल्यात दूधच. मी म्हणालो, थंडीमुळे असेल. तेव्हा उन्हाळा होता. मग म्हणालो, विरजण जुनं असेल.

"लय मोठे डाक्टर झाले तुम्ही," ती म्हणाली. "आता या दुधाचं दही तेवढं लावून दाखवा."

हे दूध देऊ नका, असंही ती म्हणाली. मी म्हणालो, उकळल्यावर काय राहतं त्यात. आदल्या संध्याकाळचं दूध कॅनमध्ये शेजारच्या ओसरीवर तसंच राहिलं, सकाळचं त्यात ओतलं. एवढ्या उन्हाळ्यात ते नासलं नाही, याचं मला बरं वाटलं होतं.

स्वयंपाकाला गावातली नेहमीची बाई होती. नवरा गेल्यापासून ती कार्याचा स्वयंपाक करून घर चालवायची. तिच्या हातच्या बासुंदीसाठी लोक तिला बाहेरगावी न्यायचे. त्या सकाळी कोहळं कापताना तिचं बोट कापलं. चिंधी बांधून तिने काम पुरं केलं. दुपारी जेवणं झाली आणि दिवस मावळायच्या आत लोक ओकू लागले. आधी लेकरं, मग बाया. ती गर्भार पोरगी अंगणात भिंत धरून बसली होती. जीप करून सगळ्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो, स्वयंपाकाची बाईही आली. मी बासुंदी खाल्ली नव्हती. गोड चालत नाही, असं पंगतीत सांगितलं होतं. ते खरं होतं. पण दुसऱ्याच्या घरी वाटीभर मी खात असे.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, दूध कुठलं होतं? मी म्हणालो, "घरचं आहे. माझ्या म्हशीचं." सगळ्यांनी माना हलवल्या. घरच्या दुधावर पुढे प्रश्न येत नाही. मग त्यांनी विचारलं, स्वयंपाक करणाऱ्या कोणाच्या हाताला जखम आहे का?

सगळे त्या चिंधीकडे बघू लागले. तीही बघू लागली.

"माह्याच बोटानं झालं असन," ती म्हणाली.

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

सगळे बरे झाले. मुलगीही बरी झाली, पुढे बाळंतपणही नीट झालं. पण त्या बाईला कोणी बोलावलं नाही. तिला कोणी शिव्या दिल्या नाहीत. नुसतं बोलावलं नाही. काही महिन्यांनी ती जळगाव जामोदला मुलाकडे गेली.

त्यानंतर धार काढायच्या माझ्या अंगठ्याला गळू झालं. गोळ्यांनी उतरेना, इंजेक्शननेही नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. अहवाल बघून त्यांनी घरी जनावरं आहेत का, त्यांना कोणतं औषध देता, हे विचारलं. मी बाटलीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या अंगठ्यातले जंतू त्या जातीच्या औषधाला जुमानत नाहीत. मग मी दह्याचं आणि त्या डोहाळजेवणाचं विचारलं. औषध दुधात उतरलं की विरजणातले जंतू मरतात, असं त्यांनी सांगितलं, आणि जे औषधाला भीत नाहीत तेवढेच वाढतात. ते दुधात विष सोडतात. उकळल्यावर जंतू मरतात, विष राहतं. त्या दुधात तेच झालं, असं ते खात्रीने म्हणू शकत नव्हते. बोटाच्या जखमेतूनही होऊ शकतं, म्हणाले. मी पैसे देऊन बाहेर आलो, उसाचा रस प्यायलो आणि बस पकडली. म्हैस विकली. घेणाऱ्याला दगडीचं सांगितलं नाही.

पुढे एकदा जळगाव जामोदला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ती दारात गहू निवडत बसली होती. "या गुरुजी, काऊन एवढ्या उन्हात?" म्हणाली. मी म्हणालो, काम होतं इकडे. तिने सुनेला चहा ठेवायला सांगितलं. सून मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. आम्ही वाट बघत बसलो. चूल तिच्यापासून हातभर लांब होती.

"मी रांधायले हात नाही लावत आता," ती म्हणाली. "पोरं लहान हायेत घरात."

बोट केव्हाच भरलं होतं. मला दिसत होतं.

मग तिने विचारलं, "म्हैस कशी हाये तुमची?"

"विकली," मी म्हणालो.

"काऊन? दूध तं चांगलं होतं तिचं."

सून आली, चहा झाला. मी पूर्ण कप प्यायलो. बसची वेळ झाली, असं सांगून उठलो. बसला बराच वेळ होता. स्टँडवर बसून राहिलो, परत तिच्या घरी गेलो नाही. गेल्या वर्षी ती वारल्याचं कळलं.

तिथे बोलायचं ते बसमध्ये तिच्याच बोलीत मनाशी जुळवून नेलं होतं, ते असं: बाई, तुह्या बोटानं झालं नसन. म्हशीले दगडी होती, मी सुई टोचली होती, दही लागून नव्हतं राह्यलं. मले सारं मालूम होतं. मी दवाखान्यात तुह्या बाजूलेच उभा होतो. मले माफ कर.