पहिली रंभा, राखीव शालन

जिल्ह्याच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची नावं तेव्हा गुणांच्या क्रमाने वाचून दाखवत. १९८५ सालच्या जानेवारीत कल्याणच्या मैदानावर निवड चाचणी संपली, निवड समितीच्या साहेबांनी कर्णा तोंडाशी धरला आणि पहिलंच नाव घेतलं, "रंभा गोमाजी नाखवा."

मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून ठाण्या-मुंबईच्या कॉलेजांचे जिमखानाप्रमुख बसले होते. दिवसभराच्या खेळाकडे त्यांचं लक्ष जेमतेमच. ते आले होते हा क्रम ऐकायला. पहिल्या तीन-चार पोरी कोण, कुठल्या शाळेच्या, एवढं कानावर पडलं की त्यांचं काम झालं. दहावीचा निकाल लागला की त्यातली एखादी आपल्या कॉलेजात ओढायची, की पुढची पाच वर्षं चषकांच्या कपाटाची काळजी नाही, असा त्यांचा हिशेब.

रंभा डोंबिवलीच्या खाडीकडच्या मोठागावची. बाप गोमाजी होडी घेऊन खाडीत जायचा, आई आवडाबाई स्टेशनाबाहेर मासळीची पाटी घेऊन बसायची. दहावीतच पोर इतकी उंच, की वर्गाच्या फोटोत तिला पुढे सतरंजीवर बसवावं लागे. ती नेटजवळ हवेत उठली की बघणारे बोलायचे थांबत, आणि तिने मारलेला बॉल पलीकडे पडला की फक्कीची रेघ उधळून जाई.

नावं वाचली जात होती आणि प्रत्येक नावासरशी रंभा मान वळवून आपल्याच शाळेतल्या शालनकडे बघत होती. बारा जणींचा संघ पुरा झाला. शालनचं नाव आलं ते त्याच्या मागून, राखीव तिघींमध्ये.

"राखीव तर राखीव," शालन बुटाची नाडी सोडत म्हणाली. "बेंचवरून खेळ नीट दिसतो."

शालन ओव्हाळ ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधली. वडील कुंडलिक तिथल्या पॉवरहाऊसमध्ये फिटर. पोरगी बुटकी, अंगाने किरकोळ, उडी बेताची. संघात ती बूस्टर होती, म्हणजे दुसरीने मारायचा बॉल बोटांच्या टोकांनी उचलून हवेत ठेवून देणारी. तिचं काम कुणाच्या डोळ्यांत भरायचं नाही. टाळ्या मारणारीला पडायच्या. शाळेच्या तीन वर्षांत रंभाने जे बॉल मारले, ते शालनच्याच हातचे. शालन हळूच "घे" म्हणायची, आणि तेवढ्यात रंभा वर असायची. आवडाबाई एकदाच काय ती सामना बघायला आली आणि घरी जाताना म्हणाली, "गो रंभे, तू बॉलाला बघतेस पन नाय! ती बुटकी देते नि तू मारतेस. अंधारान हात तोंडाशी जातं ना, तसा."

जूनमध्ये ठाण्याच्या एका मोठ्या कॉलेजचे सामंत सर स्वतः मोठागावला आले. अंगणात वाळत घातलेल्या मासळीच्या कडेने पाय जपून टाकत ते ओटीवर टेकले. फी माफ, बूट, ट्रॅकसूट, सगळं कबूल करून गेले. गोमाजीला त्यातलं एवढंच कळलं की आपल्या पोरीला मागणी घालायला आलेत आणि हुंडा ते देतायत. तो खूश झाला.

सर निघाले तेव्हा रंभाने विचारलं, "सर, माझी मैत्रीण आहे. बूस्टर. तिलापण घ्याल?"

"कितवी होती?"

"राखीव होती."

सामंत सर हसले. वाईट नाही, प्रेमाने हसले. "बूस्टर आहे गं आमच्याकडे. तू ये."

शालन कल्याणच्या एका साध्या कॉलेजात गेली. तिथे मुलींचा संघ जेमतेम उभा राहत होता, आणि तिला बोलवायला कुणी आलं नव्हतं. घरापासून जवळ म्हणून गेली.

ठाण्याच्या कॉलेजची बूस्टर होती सुमती. नौपाड्यातली, गोरी, हसरी, राज्याकडून खेळलेली. तिचा बॉल पुस्तकात काढल्यासारखा नेटच्या वर उंच चढे आणि तिथे जरा थबके. संघातल्या सगळ्या त्यावर तुटून पडत. रंभाच्या हाताला मात्र तो लागेना. ती वर गेलेली असे तेव्हा बॉल अजून वाटेत, आणि बॉल हाताशी येई तेव्हा ती खाली उतरत असे. बॉल नेटमध्ये. पुन्हा नेटमध्ये. एकदा तर तिने हवेत नुसताच हात फिरवला आणि पलीकडच्या पोरी तोंड लपवून हसल्या.

"टायमिंग गेलं कुठे तुझं?" सामंत सर आधी काळजीने विचारत, मग वैतागून. दिवाळीपर्यंत त्यांनी विचारणंच सोडलं. तिच्या जागी उतरली ती जिल्ह्याच्या क्रमात नववी आलेली पोरगी. पहिलं वर्ष रंभा बेंचवर बसली. दुसरंही. जिच्यासाठी ट्रॅकसूट शिवला ती ट्रॅकसूट अंगातून काढतच नाही, असं कुणीतरी बोललं, ते तिच्या कानावर आलंच.

रंभाला राग येत नव्हता, ओढ लागली होती. वर्गात बसल्या बसल्या तिला तो "घे" ऐकू यायचा. तो कानामागून येणारा आवाज, पायाखालून सुटणारी जमीन, आणि तळहाताला भरून लागणारा बॉल. माणसाची आठवण यावी तशी तिला त्या एका क्षणाची आठवण यायची, आणि तो क्षण ठाण्यात कुठेच नव्हता.

एका रविवारी ती ठाकुर्लीला गेली. क्वार्टर्सच्या मागच्या मोकळ्या जागेत शालनने दोन झाडांना दोर बांधला. पहिला बॉल. "घे." रंभा उडाली आणि बॉल दोराखालच्या गवतात असा बसला की कुंडलिक हातातला पेपर ठेवून दारात आला. दुसरा, तिसरा, दहावा. एकही चुकला नाही. रंभा हसत हसत खाली बसली आणि बसल्या जागी रडायला लागली.

"काय गं? काय झालं?"

"तिथे एक लागत नाय. हा कसा लागतो?"

शालन तिच्याशेजारी बसली. गवताची काडी सोलायला लागली. "तू लवकर उडतेस," ती म्हणाली. "पहिल्यापासून. दुसऱ्या मुलींपेक्षा जरासं आधीच. म्हणून मी तुझा बॉल खाली ठेवायचे आणि पटकन सोडायचे. उंच दिला असता तर तुला मिळालाच नसता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू उडताना विचार करायला लागली असतीस. आणि तू इतकी छान उडायचीस..."

म्हणजे तीन वर्षं जी आपली उडी, आपला हात, आपला पहिला नंबर म्हणून रंभा मिरवत होती, त्यात निम्मं या बुटक्या पोरीचं होतं. तिने स्वतःशी शोधून पाहिलं, तर तिला आश्चर्य वाटलं, की त्याचं दुःख होत नव्हतं. बरंच वाटत होतं. एकटीचं नव्हतं तर.

त्यानंतर ती ठाण्यात नव्याने शिकायला लागली. उडी रोखून धरायची. मनात "थांब, थांब" म्हणायचं आणि मग सुटायचं. दोन हजार वेळा तरी चुकली असेल, पण तेरावीच्या वर्षी ती संघात परतली. आता ती इतरांसारखीच खेळायची. चांगली, नेमकी. मात्र ती हवेत उठल्यावर आता कुणी बोलायचं थांबत नसे.

त्याच वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत ठाण्यासमोर कल्याणचं कॉलेज आलं. नेटच्या पलीकडे शालन, आणि तिच्या बाजूला पाच अशा पोरी, की ज्यांची नावं कुठल्याच कर्ण्यातून कधी वाचली गेली नव्हती. एक टिटवाळ्याकडच्या शेतकऱ्याची, एक डावखुरी, एक तर कॉलेजात आल्यावरच खेळाला लागलेली.

रंभा त्या दिवशी आयुष्यातला सगळ्यात चांगला सामना खेळली, आणि ठाणं हरलं. डावखुरीला बॉल थोडा मागे मिळत होता. शेतकऱ्याच्या पोरीला धाव घ्यायला आवडायचं, तिला लांबवर. नवखीला सोपा, मऊ, हातात आणून दिल्यासारखा. प्रत्येकीला तिचा तिचा बॉल. आणि दरवेळी तोच हळू आवाज, "घे." रंभा ब्लॉकला, म्हणजे समोरून येणारा बॉल अडवायला उडायची आणि नेटच्या जाळीतून तिला शालनची वर गेलेली बोटं दिसायची. एकदा ती उडायचीच विसरली. आपलं काहीतरी डोळ्यांदेखत दुसऱ्याला वाढलं जातंय आणि आपण पंगतीबाहेर उभ्या आहोत, असं तिला झालं.

सामना संपल्यावर शालन नेटखालून वाकून आली आणि तिला मिठी मारून म्हणाली, "तू आता थांबून उडतेस." तिच्या आवाजात कौतुक होतं, पण रंभाला त्यात थोडी हळहळही ऐकू आली.

शालन त्या वर्षी विद्यापीठाच्या संघात गेली आणि पुढच्या वर्षी कर्णधार झाली. जिल्ह्याच्या क्रमात जी दुसरी आली होती तिचं बारावीतच लग्न झालं होतं, तिसरी अभ्यासाला लागून खेळ विसरली होती. शाळेतले जुने पीटीचे शिवराम सर एकदा रंभाला डोंबिवलीच्या बाजारात भेटले. निवड समितीत तेही होते. रंभाने विचारलं, "सर, शालनचं तेव्हा दिसलं कसं नाही कुणाला?"

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "उडी दिसते गं. उंची टेपने मोजता येते. शालन काय करायची ते तुझ्या अंगावर दिसायचं. मग गुण तुलाच पडायचे." मग म्हणाले, "आणि तुझीसुद्धा चूक नव्हती हो. पंधराव्या वर्षी सांगितलेला नंबर म्हणजे त्या दिवसाचा नंबर. आम्ही तो कपाळावर कोरल्यासारखा वाचायचो."

बीए झाल्यावर रंभाचं लग्न माजिवड्याच्या दामाजीशी झालं. दामाजी टेंपो चालवायचा, स्वभावाने मोकळा. खाडीत आता मासळी राहिली नव्हती, चिखलात सापडणाऱ्या निवट्यासुद्धा मिळेनाशा झाल्या होत्या. सासू बंदरावरून माल आणून विकायची, रंभा तिच्या जोडीला बसू लागली. मुलगा झाला. हायवेच्या पलीकडे इमारती वाढत गेल्या, गिऱ्हाईक वाढलं. दिवस वाईट नव्हते. फक्त संध्याकाळी पोरं गल्लीत बॉल उडवायला लागली की तिचे हात कामात अडखळायचे. एकदा शेजारच्या टीव्हीवर बातम्यांत कुठल्याशा राष्ट्रीय स्पर्धेची झलक दाखवली. निळ्या कपड्यातल्या सहाजणी, क्षणभरच. चेहरे नीट दिसले नाहीत, पण दोन हात डोक्यावर गेले आणि रंभा मोठ्याने म्हणाली, "शालन!" सासू दचकली.

शालनला खेळावरच रेल्वेत नोकरी लागली होती, पण दूर बिलासपूरला. ती दिवाळीत यायची, कधी यायचीही नाही. लग्न तिने केलं नाही. १९९६ मध्ये कुंडलिक वारला. पुण्यानुमोदनाला रंभा ठाकुर्लीला गेली. वंदना झाली, माणसं "जय भीम" करत एकेक पांगली, आणि दोघी मागच्या मोकळ्या जागेत येऊन बसल्या. दोन झाडांपैकी एक तोडलेलं होतं.

"अजून खेळतेस?"

"आता पोरींना शिकवते. बोटं सुजतात." शालनने हात पुढे केले. सांधे जाड झाले होते, एक बोट वाकडं. रंभाने तो हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"कितीजणींना बॉल दिले तू," रंभा म्हणाली.

"खूप. एकीहून एक भारी पोरी." शालन समोर बघत राहिली. "पण सगळ्या बॉल बघून उडतात गं. माझा हात लागायच्या आधी उडणारी तू एकटीच. बॉल येणारच म्हणून. तसा विश्वास पुन्हा कुणी टाकला नाही माझ्यावर."

रंभाला वाटत आलं होतं की ओढ आपल्यालाच आहे. जी जिंकली, पुढे गेली, तिला काय कमी? त्या दुपारी तिला पहिल्यांदा कळलं की नेटच्या पलीकडेही कुणीतरी तेवढंच उपाशी होतं.

पुढच्या वर्षी शालनने टिटवाळ्याला नव्या इमारतीत एक खोली-स्वयंपाकघराची जागा घेतली. "बदली मागितलीय. मिळाली की येणारच," ती एसटीडी बूथवरून म्हणाली, आणि किल्ली रंभाकडे पाठवली. बदली त्या वर्षी झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही झाली नाही. तिला तिथला संघ सोडवत नव्हता, की संघच तिला सोडत नव्हता, हे रंभाने कधी विचारलं नाही.

रंभा अधूनमधून माजिवड्याहून निघते, टिटवाळ्याला उतरते, दोन जिने चढून दार उघडते. खिडक्या उघडते, फरशी पुसते, नळाचं गढूळ पाणी जाऊन स्वच्छ यायला लागेपर्यंत उभी राहते. मग रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून थोडा वेळ बसते. खिडकीतून मागचं मैदान दिसतं. सपाट आहे, अजून कुणी त्यावर इमारत बांधलेली नाही.

एकदा समोरच्या विमलाबाईंनी दारातून विचारलं, "अहो, मालकीण यायच्या कधी?"

"येईल," रंभा म्हणाली. "अर्ज टाकलाय तिने."

आणि तिने पुन्हा केरसुणी हातात घेतली.