आप्पांनी कधी ‘विका’ म्हटलं नाही

आमच्या हिच्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आप्पांनी, जितकी माणसं बुडवली, तितकी वेदगंगेच्या पुरानंही बुडवली नसतील. आणि तरीही खडेबाजारात दिसले की तीच माणसं त्यांना हाक मारून चहा पाजत. आप्पांचं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं. पान चिमटीत चुरायचं, नाकाशी न्यायचं, प्रत सांगायची आणि प्रतीवरून भाव. यात ते कधी चुकले नाहीत. ऐंशी सालानंतर आमच्याकडे शेअरचं वारं आलं, तेव्हा आप्पांनी हीच प्रतवारी कंपन्यांना लावली. ‘घ्या’, ‘ठेवा’, ‘विका’ अशा तीन प्रती, आणि शेजारी वर्षभरात भाव कुठं जाईल तो आकडा.

त्यांचा जीव जडला होता एका सेमीकंडक्टर कंपनीवर. रेडिओच्या पोटात बसणारे चिमुकले ट्रान्झिस्टर ती बनवायची. आप्पांनी माझा चालू रेडिओ उघडून त्यातला एक उपटला, हुंगला आणि जाहीर केलं, “वास न्हाय म्हंजे माल चोख. घ्या जावईबापू. साठाचा शंभर हुतोय.” रेडिओ तेव्हापासून मुका आहे. मी विचारलं, “पण कंपनीला नफा किती होईल?” ते म्हणाले, “शंभर भावाला जेवढा लागतोय तेवढा हुईल की!” मी हसलो, आणि घराच्या स्लॅबसाठी साठवलेले पैसे त्या शेअरमध्ये घातले.

भाव पन्नासवर आला, आप्पांचा आकडा ऐंशीवर. भाव चाळीस, आकडा साठ. प्रत मात्र ‘ठेवा’. शेवटी मी सगळे आकडे तारखांसकट एका कागदावर मांडले आणि त्यांच्यापुढे ठेवले. “आप्पा, भाव आधी पडतो, मागनं तुमचा आकडा उतरतो, आणि सगळ्यात शेवटी नफ्याचा अंदाज. उलटं चाललंय हे.”

त्यांनी कागद दोनदा वाचला. “आकडं बरोबर हायत तुमचं.”

“मग विकू?”

“ठेवा.” कागद माझ्या हातात परत देत म्हणाले, “तंबाखू हलकी असली तर मी तोंडावर हलकी म्हणतोय. पर घरच्या माणसानं माझ्या शब्दावर घेतलेलं, त्याला ‘विका’ कसं म्हणू रं?” त्या एका वेळी ते मला ‘रं’ म्हणाले.

मी ठेवले. कागद माझाच होता, तेव्हा चूकही माझीच. भाव अकरावर जाऊन बसला आणि घरावर स्लॅबऐवजी पत्रा चढला. चार वर्षं मी आप्पांशी बोललो नाही. पावसात पत्रा वाजला की त्यांचं नाव घ्यायचो, पण ते ऐकवण्यासारखं नसे.

मग त्यांना बेळगावच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, फार तर पंधरा दिवस. आत गेलो तर आप्पा चादरीचं टोक चिमटीत चुरत पडले होते.

“जावईबापू, तुमी खोटा आकडा सांगत न्हाय. डॉक्टर काय म्हणतोय? विका?”

खाटेजवळ स्टूल होतं. मी ते ओढून बसलो.

“ठेवा म्हणतोय, आप्पा.”

“आन् आकडा?”

“शंभर.”

त्यांनी समाधानानं मान हलवली. कशावरून, ते विचारलं नाही.