एका कान्याचा घोळ

परवा एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय ठरलेलाच, समाजमाध्यमे शाप की वरदान. एकेक मूल यायचं, टेबलावर मूठ आपटून पिढी बरबाद झाल्याचं सांगायचं आणि खाली उतरलं की आईच्या हातातला मोबाइल ओढायचं. आई म्हणायची, थांब, आधी तुझा व्हिडिओ पाठवते सगळ्यांना! मला हसू आवरेना. शेजारचे परीक्षक डोळे वटारून बघायला लागले. त्यांना काय सांगणार, की हा प्रश्न आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात केव्हाच येऊन गेला होता आणि थेट माझ्या ताईच्या मानेवर बसला होता?

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. मी कॉलेजात होते, ताई नोकरी करत होती. घरात नवा कॉम्प्युटर आला होता आणि आईने त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं. त्या काळात एक साईट भलतीच बोकाळली होती. तिथे एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठीला स्क्रॅप म्हणत आणि ती चिठ्ठी ज्याला हवी त्याला वाचता येई. आम्हाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. पत्र उघडून वाचणं पाप, पण उघडंच असलेलं वाचायला काय हरकत?

बाबांना मात्र तो शब्दच खटकायचा. ते अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांच्या लेखी स्क्रॅप म्हणजे मशीनवर बिघडलेला सुटा भाग, भंगारात टाकायचा. "आम्ही तिथे आठ तास उभं राहून स्क्रॅप कमी करतो," ते म्हणायचे, "आणि या दोघी इथे बसल्या बसल्या वाढवतात."

अशात ताईला नाशिकरोडचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला बेंगळूरला. पोहे झाले, गॅलरीत वीस मिनिटं बोलणं झालं आणि दोन्हीकडे पसंती झाली, म्हणजे मोठ्या माणसांची. येत्या रविवारी त्याचे आईवडील येऊन सुपारी फोडणार होते. मुलाला रजा नव्हती, पण सुपारीला मुलगा लागतो कशाला, असं सगळ्यांचं मत पडलं.

ताईचं मत कोणी विचारलं नव्हतं. तिने ते मला गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं. "हा माणूस कसा आहे तेच कळत नाही गं. रोज दुपारी एक स्क्रॅप. जेवण झालं का? अगं, हा नवरा आहे की मेसवाला?" मी फिदीफिदी हसले, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रविवारच्या आत या माणसाचं काही कळलं नाही, तर ती नाही म्हणणार होती. बाबांना तोंडावर नाही म्हणायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती.

आणि गुरुवारी सकाळी ताई उठली ती वाकडीच. उशीवरून मान अशी काही धरली की इकडे होईना, तिकडे होईना. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधला. दुपारी नेहमीप्रमाणे जेवणाची चौकशी आली. ताई पलंगावरून कण्हली, "तूच लिही. मान खूप दुखतेय म्हणावं."

मी लिहिलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, तेव्हा सगळे तसंच लिहीत. मानेला एम, ए, एन एवढंच टाइप केलं. दुसरा ए घालायचा कंटाळा! पुढचा शब्दही असा ठोकला की दुखतेय वाचा नाहीतर दुखतंय वाचा. बटण दाबलं आणि लाइट गेले. भारनियमन ही आमच्याकडे वेळेवर येणारी एकमेव गोष्ट होती.

संध्याकाळी लाइट आले आणि बघते तर ताईच्या पानावर जत्रा भरलेली. निम्म्यांनी मान वाचली होती, निम्म्यांनी मन. एकाने मिठाच्या पुरचुंडीने शेकायला सांगितलं होतं. त्याच्याखाली एक मैत्रीण लिहीत होती, जुनं विसर, पुढे बघ. विसरायचं काय, उशी? तेवढ्यात येवल्याहून मामाचा फोन. "आगं, पोरीचं मन लय दुखतंय म्हनं! आमचं पोरगं आत्ताच वाचून आलं. कोनी काय बोललं का तिला?" मी हसून हसून जमिनीवर लोळायचीच बाकी होते. मग नाशिकरोडचा फोन आला आणि माझं हसू पार वाळलं.

मुलाच्या आईने बाबांना सरळच विचारलं, "हे लग्न तुमच्या मुलीच्या मनाविरुद्ध आहे का?" बाबांनी मान की मन ते परोपरीने समजावलं. तिकडून थंडगार "असं होय" आलं. मुलाचा मोबाइल तर लागतच नव्हता. बाबांनी फोन ठेवला आणि ते कडाडले. कॉम्प्युटर उद्या विकणार, हे सगळं भंगार घराबाहेर! शेवटी ताईसमोर उभे राहून म्हणाले, "एकदाच सांग. तुला हे स्थळ मान्य आहे ना?"

ताईला हो म्हणून मान हलवता येईना आणि नाही म्हणूनही हलवता येईना. तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. फार दुखतंय वाटतं, असं म्हणत बाबा तेलाची बाटली आणायला गेले. मला तिथेच कळलं की माझं स्पेलिंग चुकलं होतं आणि बातमी खरी होती. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात तो! शर्ट चुरगळलेला, केस उभे, खांद्याला ऑफिसचीच बॅग. ऑफिसातूनच निघाला होता, पुण्याला गाडी बदलून आला होता आणि मोबाइलचा चार्जर तिकडेच विसरला होता. आईने दिलेलं पाणीही त्याने हातात तसंच धरलं. आत न बसता बाबांना म्हणाला, "काका, त्यांच्या मनात नसेल तर मीच घरी सांगतो की मला नको. त्यांना कोणी बोल लावायला नको."

आणि पडद्याआडून ताई आली, अख्खीच्या अख्खी वळत, गळ्यात पट्टा. त्याने पट्ट्याकडे बघितलं. ताईकडे बघितलं. "मान?" तो म्हणाला.

"मान," आई म्हणाली.

आधी बाबाच फुटले. मग तो, मग आई, मग मी. पोट धरून, भिंतीला टेकून हसलो आम्ही. ताईला हसलं की कळ यायची, तरी ती हसत होती आणि "आई गं, आई गं" करत होती.

हसू ओसरल्यावर तिने त्याला विचारलं, "आणि मी खरंच नाही म्हणाले असते तर?"

"तर आज दुपारच्याच गाडीने परत." त्याने खिशातून तिकीट काढून दाखवलं. "तुमच्या घरी अवघडून बसायला नको म्हणून आधीच काढून ठेवलं."

ताईने ते त्याच्या हातातून घेतलं. बाबांच्या देखत, त्यांना काहीही न विचारता. मला म्हणाली, "जा गं, हे रद्द करून ये."

मी एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात आईची चप्पल घालून सुटले.