खळीनं चिकटवलेलं शेल्फ

महिन्यापूर्वी एका रविवारी, चार दिवस खपून केलेलं शेल्फ मी स्वतःच्या हातानं मोडलं...

आमचं घर भाड्याचं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, म्हणून पुस्तकं सगळी जमिनीवर. खालच्या मजल्यावर एक म्हातारे चाचा कुटुंबासह नवीन राहायला आले, तेव्हा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा जिन्यात पडला होता. जाड, एका मापाच्या, भोकं भोकं पाडलेल्या. त्यांची सून म्हणाली, "ले जाओ भाभी, कचरा है." मी कशाला सोडते!

पट्टीवर पट्टी चिकटवून तीन कप्पे उभे केले. तेही मैद्याच्या खळीनं... "किती कंजूषपणा, गोंद आण की!" म्हणून नवऱ्यानं लई चिडवलं.

त्या रविवारी चाचा पाण्याची मोटर लावू का, असं विचारायला वर आले. शेल्फ बघून दारातच थबकले. मग जवळ जाऊन भोकांवरून बोटं फिरवत राहिले. "बेटा, ये तो मेरे अब्बा की बेल है..."

मग कळलं. त्या पट्ट्या म्हणजे हिमरूच्या, रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाच्या, मागावर नक्षी उठवणारे पत्ते होते. एका पत्त्याच्या भोकांवरून एक ओळ विणायची, सगळे क्रमानं लागले की वेल पुरी होते. चाचांच्या भावाकडं माग अजून उभा आहे, त्यावर नातीला हीच वेल शिकवायची होती. गठ्ठा घरच्यांनीच टाकला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे बेटा, तू मेहनत केलीस," चाचा म्हणाले. छे! काहीतरीच काय! मी म्हटलं, "चाचा, खळ आहे ही, ओल्या फडक्यानं सुटते."

दुपारभर चाचा, नवरा आणि मी फरशीवर बसलो. फडकं ठेवायचं, थांबायचं, पत्ता अलगद सोडवायचा. कोपऱ्यातले आकडे बघून चाचा क्रम लावत होते.

तीन पत्ते मात्र मी मापासाठी कापले होते. ते त्यांच्या हातात देताना मला रडूच फुटलं... चाचांनी माझ्याकडून एक कोरा पुठ्ठा मागून घेतला आणि डोळे मिटून आठवत भोकांच्या जागी पेन्सिलीनं टिंबं मांडू लागले.

काल नात पहिला विणलेला तुकडा घेऊन वर आली. वीतभर वेल, आणि मध्ये एक पान जरासं वाकडं... माझ्या कात्रीच्या जागी. "दादाजान बोले, रहने दो. आंटी की निशानी है."

पुस्तकं अजून जमिनीवरच आहेत. आणि गोंदाचे पैसे वाचवल्याबद्दल आता घरात मला कुणी काही बोलत नाही.